फिकट पॉझिटिव्ह

“नीट बघून सांगा. हे जास्त स्पष्ट, की हे?” चष्मेवाल्याने डोळ्यापुढचं भिंग फिरवलं, टक् असा आवाज झाला, आणि समोरच्या उजळ चौकोनातली अक्षरं होती तशीच राहिली. त्याला फरक कळेना. गेली पाच मिनिटं त्याला फरक कळत नव्हता आणि तसं म्हणायचा संकोच वाटत होता, म्हणून तो आळीपाळीने ‘पहिलं’ आणि ‘दुसरं’ असं ठोकून देत होता. हनुवटी गार पट्टीवर टेकलेली, कपाळ पुढच्या कडीला लागलेलं. अशा वेळी माणूस खोटं सांगत असला तर ते समोरच्याला कळत असेल का, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. “घाई नाही काका,” चष्मेवाला म्हणाला. “सारखी वाटली तर सारखी म्हणा. माझ्याकडे पाहुणे म्हणून आल्यासारखं करू नका.” तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. लेकीचा होता. लेक शाळेत भूगोल शिकवायची आणि शाळेच्या वेळात कधी फोन करायची नाही. त्यात आता तिला चौथा महिना लागलेला, लग्नानंतर सात वर्षांनी. त्याने घाईघाईने हनुवटी उचलली.

“बाबा, बसलेले आहात ना? तुमची एक फजिती सांगायचीय.”

“बसलोय. डोळे तपासतोय.”

“बरंच झालं, नीट तपासून घ्या. माझा ग्रुप चुकलाय.” ती हसत होती. मागे मुलांचा गलका होता. “ती नवीन टेस्ट केली होती ना, माझ्या दंडातून रक्त घेऊन बाळाचा ग्रुप सांगतात ती? त्याचा रिपोर्ट आला, ‘सांगता येत नाही.’ माझं तर धाबंच दणाणलं. मग लॅबवाल्याने परत बोलावलं, परत रक्त घेतलं. तो म्हणे, बाई, बाळाचं कसं सांगणार, तुमच्याच रक्तात पॉझिटिव्हचा जीन आहे, त्याचाच एवढा गोंगाट की बाळाचं काही ऐकू येत नाही. मी पॉझिटिव्ह आहे बाबा. फिकट पॉझिटिव्ह म्हणतात म्हणे. साध्या तपासणीत दिसत नाही, बारीक तपासणीत दिसतं. त्यामुळे इंजेक्शन नको, भीती नको, काही नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चौतीस वर्षं उगाच निगेटिव्ह म्हणून मिरवलंत.”

“छान झालं,” तो म्हणाला.

“जन्मल्यावर माझा ग्रुप तुम्हीच केला होतात ना? तुम्हाला रक्तपेढीत ‘दोनदा’ म्हणायचे ना सगळे? माझ्या वेळेला एकदाच बघितलंत वाटतं.” ती पुन्हा हसली. “आईला तुम्ही सांगा. घंटा झाली, माझा नववीचा तास आहे. सुटल्यावर फोन करते तिला.”

फोन बंद झाला. चष्मेवाला रुमालाने भिंग पुसत थांबला होता. “चांगली बातमी?” त्याने विचारलं. “हो,” तो म्हणाला. “या मग, राहिलेला डोळा करून टाकू.” पण तो उठला, काउंटरला धरून उभा राहिला आणि म्हणाला, “दोन्ही सारखीच दिसत होती हो. मघापासून सारखीच दिसत होती.” चष्मेवाला काही बोलायच्या आत तो जुना चष्मा नाकावर चढवून रस्त्यावर आला होता.

रस्त्यावर ऊन होतं. दुकानांची छपरं पदपथावर सावलीच्या पट्ट्या टाकत होती आणि तो त्या पट्ट्यांमधून चालत होता, ऊन, सावली, ऊन. घर वीस मिनिटांवर होतं. शाळा सुटायला दीड तास होता. म्हणजे तिचा फोन येण्याआधी बायकोशी बोलायला त्याच्याकडे तासभर होता. आणि काय बोलायचं, किती बोलायचं, हे ठरवायला फक्त हा रस्ता. त्याने पावलं हळू केली. एका मोठ्या इस्पितळाच्या रक्तपेढीत त्याने छत्तीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काढली होती. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला म्हणजे काय होतं, हे त्याने खिडकीशी आलेल्या हजारो नवऱ्यांना समजावून दिलं होतं, एकाच चालीत, पाढा म्हटल्यासारखं. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्माच्या वेळी त्याच्या रक्ताचे चार थेंब आईच्या रक्तात जातात. आईचं शरीर म्हणतं, हे कोण परकं, आणि त्याच्याशी लढायची तयारी करून ठेवतं. पहिलं बाळ तोवर सुखरूप बाहेर पडलेलं असतं. मार बसतो तो पुढच्याला. म्हणून तीन दिवसांच्या आत आईला एक इंजेक्शन द्यायचं, की ती तयारी होतच नाही. आणि बाळ निगेटिव्ह असेल तर? असं एखादा नवरा हमखास विचारायचा. मग काहीच नको, तो सांगायचा, सुटलात. सुटलात हा त्याचा ठरलेला शब्द होता. ऐकणाऱ्याचा चेहरा त्या शब्दाने कसा सैल पडतो ते बघायला त्याला आवडायचं, कारण एरवी त्याच्या बोलण्याने कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

बायको निगेटिव्ह. तो पॉझिटिव्ह. लेक झाली तेव्हा तो खाली रक्तपेढीत ड्यूटीवरच होता. वरून नाळेचं रक्त आलं, छोट्या नळीत, बायकोचं नाव लिहिलेली चिकटपट्टी लावून. मोठे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे बुवा म्हणायचे, ते म्हणाले, “ठेव ती इथे, मी करतो. आपल्या घरचं आपण बघू नये.” पण त्याला स्वतःच्या हाताने करायचं होतं. पोरीला अजून डोळ्यांनी बघितलं नव्हतं, तिचं रक्त तरी आधी बघू दे, असं काहीतरी त्याला वाटलं असणार. पांढऱ्या टाइलवर थेंब, त्यावर सिरमचा थेंब, काडीने ढवळायचं आणि टाइल हातात धरून झुलवत राहायचं, मूल झुलवल्यासारखं. पॉझिटिव्ह असेल तर लाल वाळूसारखे कण जमतात, गुठळ्या होतात. झाल्या नाहीत. थेंब गुळगुळीत राहिला. त्याने टाइल दिव्याखाली धरली, तिरकी केली, पुन्हा झुलवली. गुळगुळीत. आणि त्याला झालेला आनंद त्याला आज इतक्या वर्षांनी, एका बंद पडलेल्या सिग्नलखाली उभं असताना, जसाच्या तसा आठवला: आईवर गेली, म्हणजे सुटलो.

पण टाइलवर गुळगुळीत दिसलं म्हणजे झालं, असं नव्हतं. नवजात बाळ असेल आणि आई निगेटिव्ह असेल तर दुसरी पायरी करायचीच, हा पेढीचा नियम होता, भिंतीवर टाइप करून लावलेला. तेच रक्त सिरमबरोबर कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायचं, मग तीन वेळा धुवायचं, मग दुसरं सिरम घालून बघायचं. काही जणांचं पॉझिटिव्हपण इतकं फिकट असतं की ते असं धुऊनपुसून, आर्जव करूनच बाहेर काढावं लागतं. त्याने नळी कोमट पाण्यात ठेवली, हे त्याला पक्कं आठवत होतं. घड्याळ लावलं, हेही. मग वरून नर्सचा फोन आला, “अहो या ना, पोरगी बघायला येताय की सिरम घेऊन बसताय?” आणि तो धावत वर गेला. पोरीच्या कानांच्या पाळ्या अजून चिकटलेल्या होत्या. बायको घामेजलेली, हसत होती. तिने विचारलं, “कुणासारखी?” आणि तो म्हणाला, “तुझ्यासारखी. निगेटिव्ह.” ती म्हणाली, “हे काय बोलणं झालं?” आणि नर्स एवढी हसली की तिला ट्रे खाली ठेवावा लागला. इंजेक्शन काढून ठेवू का, असं नर्सने त्याला विचारलं. नको, तो म्हणाला, लागणार नाही. खाली आला तेव्हा दोन तास उलटून गेले होते. नळी पाण्यात तशीच उभी होती. इतका वेळ राहिलेली नळी टाकून द्यायची आणि पहिल्यापासून करायचं, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने काय केलं? इथे त्याची आठवण अडखळायची. म्हणजे आज पहिल्यांदा अडखळली, कारण आजवर त्याने तिला इथवर कधी आणलंच नव्हतं. त्याने नळी बेसिनमध्ये रिकामी केली. रजिस्टर उघडलं. पहिल्या रकान्यात ‘निगेटिव्ह’ लिहिलं, आणि पेन उचललं गेलं नाही म्हणून, किंवा वर पुन्हा पळायचं होतं म्हणून, किंवा जे हवं होतं ते मिळालेलं असताना पुन्हा कशाला विचारायचं म्हणून, दुसऱ्या रकान्यातही ‘निगेटिव्ह’ लिहिलं. बुवा शेजारी उभे होते. “केलीस ना दुसरी?” त्यांनी विचारलं. “केली,” तो म्हणाला.

सिग्नलखाली कुणीतरी त्याला कोपर लावून पुढे ढकललं. तो रस्ता ओलांडून पलीकडच्या नगरवाचनालयाच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. या पायऱ्यांवर तो नेहमी बसायचा, पुस्तक बदलून झालं की तिथेच पहिली दोन पानं वाचायचा. आज हातात पुस्तक नव्हतं तर हातांचं काय करावं ते कळेना. लेकीची ही नवीन टेस्ट होणार हे कळल्यापासून पंधरा दिवस तो तिच्यावर जे मिळेल ते वाचत होता आणि थक्क होत होता. लिंबाएवढं पोर, आणि आईच्या दंडातल्या रक्तात त्याचा तपशील तरंगत असतो. पोराला सुई नाही, त्रास नाही. आईला साध्या रक्ततपासणीएवढा एक टोचा, आणि आत कोण आहे ते बाहेर कळतं. आमच्या वेळी नाळ कापेपर्यंत थांबावं लागायचं, तो बायकोला म्हणाला होता. आमच्या वेळी हे असतं तर, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं आणि तिच्याकडे बघून मिटलं होतं.

दुसरं मूल, मुलगा. लेक दोन वर्षांची असताना राहिला आणि आठव्या महिन्यात झाला. सातव्या महिन्यातच कळलं होतं की बायकोच्या रक्तात ती तयारी आहे, भरपूर आहे, आणि आतलं मूल सुजत चाललंय. कसं, कशाने, कुणालाच कळेना. पहिली मुलगी तर निगेटिव्ह, रजिस्टरमध्ये तसं लिहिलेलं. मग मोठ्या डॉक्टरांनी बायकोला विचारलं, याआधी कधी राहिलं होतं का? ती जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, लेकीच्या आधी, माहेरी गेले असताना, दोन महिन्यांचं, आपोआप गेलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. नवीन लग्न, लाज वाटली. “तिथेच चुकलं,” डॉक्टर म्हणाले. “तेव्हाच यायला हवं होतं. तेव्हाच इंजेक्शन मिळालं असतं.” आणि त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं. तो शेजारच्या खुर्चीवर बसला होता. तिने आपल्याला सांगितलं नाही याचं त्याला तेव्हा वाईट वाटलं होतं, इतकं की त्या वाईट वाटण्यात बाकीचं सगळं झाकलं गेलं. मुलगा झाला तेव्हा त्याचं रक्त बदलायचं ठरलं होतं. त्यासाठीची पिशवी त्यानेच जुळवली, दोनदा तपासली, स्वतः खोक्यात घालून वर नेली. दाराशी बाळांचे डॉक्टर हातमोजे काढत उभे होते. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. त्याने घड्याळात बघितलं. पिशवी फ्रीजबाहेर काढल्याला अठ्ठावीस मिनिटं झाली होती. तीस मिनिटांच्या आत परत आली तर पिशवी पुन्हा साठ्यात घेता येते, आणि निगेटिव्ह रक्त दुर्मीळ. तो जिना उतरून खाली गेला, पिशवी जागेवर ठेवली, नोंद केली, आणि मग वर येऊन मुलाला बघितलं. ती पिशवी दोन दिवसांनी एका अपघातातल्या माणसाला लागली. तो वाचला. हे तो पुढे कधीकधी सांगायचा, म्हणजे एकदाच सांगितलं होतं, बुवांना.

मग त्याच्या आईने स्वयंपाकघरात बायकोला म्हटलेलं वाक्य: “लपवलंस आणि भोगलंस.” त्यानंतर बायकोने त्या घरात कशालाच नाही म्हटलं नाही. आधी ती वाद घालायची, पोस्टाच्या काउंटरवर बसणारी बाई, दहा जणांना दहा उत्तरं देणारी. मग तिची उत्तरं घराबाहेरच राहू लागली. पुन्हा मूल नको, हे तिनेच ठरवलं, आणि तेही विचारल्यासारखं, “नको ना आता?” असं.

आणि मग ते. पायरीवर बसल्या बसल्या त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून धरले. मुलगा गेल्यावर दहाएक दिवसांनी, कामावर रुजू झाला त्या दिवशी, सगळे जेवायला गेलेले असताना त्याने कपाट उघडून अडीच वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं होतं. पान उघडलं. बायकोचं नाव, ‘नाळेचं रक्त’, पहिला रकाना निगेटिव्ह, दुसरा रकाना निगेटिव्ह, खाली सही. आणि त्याला हायसं वाटलं होतं. दोन्ही रकाने भरलेले आहेत म्हणजे दोन्ही पायऱ्या झालेल्या आहेत. स्वतःच्याच अक्षराची साक्ष त्याने काढली आणि स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवून मोकळा झाला. माणूस इतका मोकळा कसा होऊ शकतो? आणि लोक त्याला ‘दोनदा’ कधीपासून म्हणायला लागले? पेढीतल्या शिपायाने ठेवलेलं नाव. “चला, दोनदासाहेब आले, आता पाणीसुद्धा दोनदा उकळा.” प्रत्येक नमुना दोनदा, प्रत्येक चिठ्ठी दोनदा, कुलूप दोनदा. घरच्यांना त्याचं कौतुक होतं, त्यालाही मनातून होतं. आपल्या हातून दुसरं काही मोठं झालं नाही, निदान चोख काम झालं. आता तो आठवायला लागला तर ते नाव लेकीच्या जन्माच्या वेळी नव्हतं. बुवांनी “केलीस ना दुसरी” असं विचारलं होतं, म्हणजे विचारावं लागत होतं. ते नाव नंतर पडलं. मुलगा गेल्यानंतर. म्हणजे त्याच्या हातांना ठाऊक होतं आणि त्याने हातांना कधी विचारलं नव्हतं.

अर्थात पळवाट होती. तो इतकी वर्षं याच शास्त्रात राहिला होता, त्याला पळवाट सापडायला वेळ लागला नाही. इतक्या फिकट रक्ताने आईच्या शरीरात तशी तयारी होणं हे क्वचितच घडतं. पुस्तकात तसंच लिहिलंय. कदाचित डॉक्टर म्हणाले तेच खरं असेल, ते आधीचं दोन महिन्यांचंच नडलं असेल. पण दोन महिन्यांच्यानेही ते क्वचितच घडतं, हेही त्याच पुस्तकात, बहुतेक त्याच पानावर होतं. दोन ‘क्वचित’ होते. त्यातला एक उचलून एकतीस वर्षांपूर्वी एका बाईच्या पदरात घातला गेला होता आणि तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं की खात्री नाही, थांबा. मग आता दुसऱ्यालाच तेवढी खात्री कशाला लागावी? तो उठला. वाचनालयाच्या दारातली बाई म्हणाली, “काय काका, आज पुस्तक नाही?” तो म्हणाला, “आज नको,” आणि ते इतक्या हळू म्हणाला की तिने काचेतून हात हलवून दुसऱ्यांदा विचारलं.

घरी बायको स्टुलावर चढून खिडकीच्या काचा पुसत होती. जुन्या वर्तमानपत्राचा बोळा, पाण्याचं भांडं खिडकीच्या कट्ट्यावर. त्याने चपला काढल्या आणि सवयीने जाऊन स्टूल धरलं.

“चष्मा झाला?”

“नाही. परत जावं लागेल.”

“तुमचं एका खेपेत कधी काही झालंय?” ती बोळा काचेवर गोल फिरवत म्हणाली. “बघा, तुम्ही आणि तुमचे डोळे. मला इथून समोरच्या गच्चीतली चिमणी दिसते.”

“तिचा फोन आला होता. रिपोर्ट आला.”

बोळा थांबला. ती वळली नाही. “काय?”

“चांगला आहे. इंजेक्शन नको. भीती नाही.”

“म्हणजे बाळ निगेटिव्ह?”

“बाळाचं कळलंच नाही. तीच पॉझिटिव्ह आहे. फिकट आहे म्हणून आजवर साध्या तपासणीत दिसलं नव्हतं.”

ती स्टुलावरच खाली बसली, पाय लोंबकळत ठेवून, लहान मुलीसारखी. ओले हात मांडीवर. “सुटली गं बाई,” ती म्हणाली, तिथे नसलेल्या लेकीला. मग म्हणाली, “तुम्हाला बोलले नाही. तिने सांगितल्यापासून माझ्या डोक्यात एकच. माझं ते तिच्या वाट्याला यायला नको. मी एक घालवला, आता तिचा जायला नको.”

इथे थांबता आलं असतं. बातमी चांगली होती, ती पोचली होती. चहा टाकता आला असता. लेकीचा फोन येईल, दोघी हसतील, त्याची फजिती होईल, आणि मग पोर जन्मेल आणि सगळे त्या पोराकडेच बघतील. थोडी वर्षं तर राहिली होती दोघांची. त्याने स्टूल अजून धरूनच ठेवलं होतं.

“खाली उतर,” तो म्हणाला.

“एक काच राहिलीय.”

“उतर आधी.”

ती उतरली. त्याच्या तोंडाकडे बघून तिने भांडं बाजूला सरकवलं. त्याने सांगितलं. त्याला वाटलं होतं खूप सांगावं लागेल, पण सगळं मिळून पाचसहा वाक्यं झाली. लेक जन्मली तेव्हाही पॉझिटिव्हच होती. दुसरी पायरी केली असती तर दिसलं असतं. मी केली नाही. केली असं लिहिलं. वर नर्सला सांगितलं, इंजेक्शन नको. तुला ते मिळायला हवं होतं.

ती उभी होती. मग तिने स्टूल ओढून घेतलं आणि त्यावर बसली. “आणि माझं ते आधीचं?”

“त्यानेही झालेलं असू शकतं. क्वचित होतं तसं. यानेही क्वचितच होतं. कुठल्याने झालं ते आता कुणालाच सांगता येणार नाही.” “मला वाटतं, माझ्याने.”

“हे कधी कळलं तुम्हाला?”

“आज दुपारी.”

“दुपारीच?”

ती काउंटरमागून बघायची तसं बघत होती, पत्ता अपुरा असलेल्या पाकिटाकडे बघावं तसं. त्याने खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी ते जमलं नसतं. “तो गेल्यावर मी रजिस्टर काढून बघितलं होतं,” तो म्हणाला. “शंका नसती तर बघितलं नसतं.”

खिडकीतून रस्त्यावरचे आवाज येत होते. कुणीतरी सायकलची घंटी सारखी वाजवत होतं.

“तुमच्या आई मला ते बोलल्या तेव्हा तुम्ही दारात होतात,” ती म्हणाली.

“हो.”

“चपला घालत होतात.”

“हो.”

“मला वाटलं, आता वळाल.” तिने बोळ्याचे भिजलेले तुकडे बोटांवरून एकेक काढून टाकले. “मग वाटलं, का वळावं? लपवलं तर मीच होतं.”

फोन वाजला. तिचा, टेबलावर. दोघांनी त्याकडे बघितलं. चौथ्या घंटेला तिने पदराला हात पुसून उचलला, आणि तिचा आवाज एकदम नेहमीचा झाला, इतका नेहमीचा की तो दचकला. “सांगितलं गं बाबांनी, सांगितलं. हो ना. जीव भांड्यात पडला. ... नाही नाही, काचा पुसत होते. ... चढले म्हणजे काय, बाबा होते की स्टूल धरायला.” मग ती ऐकत राहिली. तिकडून लेक बराच वेळ बोलत होती, आणि आता हसत नव्हती हे त्याला इकडे बसून कळत होतं. भूगोल शिकवत असली तरी लहानपणापासून ती रक्तपेढीच्या गोष्टी ऐकत वाढली होती. नववीच्या तासाला फळ्यावर नकाशा काढता काढता तिने पुढचं जुळवलं असणार. बायकोने डोळे मिटले. “काहीतरीच काय,” ती म्हणाली. “तुझा काय संबंध? तू एवढीशी होतीस. ... नाही. तुझ्या रक्ताने काही झालं नाही. तुला सांगितलंय ना मी, ते माझं आधीचं होतं म्हणून. डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे. ... हो, खात्री आहे. ... अगं, माझ्यावर विश्वास नसेल तर बाबांना विचार. त्यांना जास्त कळतं.”

तिने फोन त्याच्यापुढे धरला. हात स्थिर होता. त्याने घेतला नाही, तेव्हा तिने तो त्याच्या कानाशी नेला.

“बाबा?” लेकीचा आवाज आला. “खरं सांगा. माझ्यामुळे नाही ना?”

त्याने बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, फोनकडे बघत होती.

“नाही बाळ,” तो म्हणाला. “तुझ्यामुळे नाही.”

“मग आई म्हणते तेच?”

खोलीत ऊन कलतं झालं होतं. एकतीस वर्षांपूर्वी डॉक्टर बोलले होते, आई बोलली होती, तो स्वतः कधी बोलला नव्हता. ते वाक्य त्याच्या तोंडून निघायचं राहिलं होतं.

“हो,” तो म्हणाला. “आई म्हणते तेच. तिच्या आधीच्याने.”

“बरं,” लेक म्हणाली आणि तिने श्वास सोडला. मग तिने चष्म्याचं विचारलं, जावई काय म्हणाला ते सांगितलं, रविवारी येतो म्हणाली. त्याने कशाला काय उत्तर दिलं ते त्याला कळलं नाही. फोन बायकोने ठेवला.

“तिला कधी सांगायचं नाही,” ती म्हणाली. “पोटात पोर असताना नाही आणि नंतरही नाही. तिच्या लेखी ते माझ्यामुळेच राहू दे.” ती आतल्या खोलीकडे निघाली आणि दाराशी थांबली. “तुमच्या लेखी नको.”

दार लोटलं गेलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही. तो उठून दारापर्यंत गेला आणि उभा राहिला. मग पलंग किंचित वाजला, आणि मग ती रडायला लागली. मुलगा गेला त्या दिवशी ती रडली नव्हती. नर्स म्हणाली होती, बाई, रडून घ्या, मोकळं वाटेल, तर ती म्हणाली होती, मी कुठल्या तोंडाने रडू? त्यानंतर कधीच नाही. त्याला वाटायचं, तिने मनाला समजावलं. आता ती रडत होती, मोठ्याने, मध्येच श्वास लागून थांबत होती आणि पुन्हा सुरू करत होती, एखाद्या तरुण बाईसारखी, जिचं मूल आत्ताच, आज दुपारी गेलंय. त्याने दाराला हात लावला. मग काढून घेतला, आणि तिथेच बाहेर जमिनीवर बसून राहिला.